दोघांच्या नावाची तीन एकर

मुरांगा, सोमवार, ३ जून २०१९

पाऊस दोन मिलिमीटर. सकाळी धुकं, दहाला उघडलं. एक कोंबडी मेली. दुपारी शनिवारचं वर्तमानपत्र वाचून संपवलं. चारनंतर हे पत्र लिहायला बसलो.

आदरणीय मेहुणे मुतेरो यांना गाथोगोचा दोन्ही हातांनी नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि मोंबासाची हवा ही तिन्ही बरी असोत. तुमच्या मुलीने कानाचं यंत्र आणून दिल्याचं कळलं, आणि तुम्ही ते कपाटात ठेवून दिल्याचंही कळलं. म्हणूनच फोन न करता लिहितो आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही. अशा दोघांनी कंपनीला पैसे देण्यात अर्थ नाही.

चौतीस वर्षांत आपण एकमेकांशी जे बोललो ते एका पोस्टकार्डावर मावेल. मेहुण्यांनी अंतर राखावं ही आपल्याकडची रीत, आणि ती मला सोयीचीच होती. तुमच्यासमोर मी कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही (भूक असायची). ऑक्टोबरात मुरिंगोला माती दिली तेव्हाही तुम्ही माझं कोपर धरून उभे होतात आणि आपण दोघं पावसाबद्दल बोललो. त्या दिवशी सहा मिलिमीटर होता. तेव्हा आज मी इतकं लांब लिहितो आहे याचं तुम्हाला आश्चर्य वाटेल. मलाही वाटतं आहे.

सांगायचं ते असं की मी किनांगोपला जमीन घेतो आहे. तीन एकर, सरकारी पट्ट्याची नव्हे, कायम मालकीची, तुम्ही दोघं बहीणभाऊ लहानपणी ज्या गोऱ्याच्या मळ्यावर पायरेथ्रमची फुलं खुडायला जात होतात त्याच उतारावर. मुलांचं म्हणणं, या वयात इतक्या थंडीत काय करणार. न्जांबीने तर फोनवर विचारलं, “बाबा, तुम्हाला कोणी फसवतंय का?” मी नाही म्हटलं. तुमच्या बहिणीचा तो हट्ट तुम्हाला माहीत आहेच. आमच्या कॉफीच्या उन्हात ती चौतीस वर्षं राहिली, पण थंडी वाजली की तिचा चेहरा उजळायचा. “म्हातारपण किनांगोपला काढायचं,” असं ती म्हणायची आणि मी मान हलवायचो. दोघं मिळून त्यासाठी पैसे बाजूला टाकत गेलो. मग ती गेली आणि बाजूला टाकलेलं तसंच राहिलं. ते दुसऱ्या कशाला वापरणं बरं दिसलं नसतं.

जमिनीचा दलाल थुओ नावाचा होता. कातडी कोट आणि गमबूट घालून तो रस्त्याकडेला उभा राही आणि हात पसरून “इथून तिथपर्यंत” म्हणे. “तिथं” म्हणजे कुठे हे विचारलं की हात आणखी थोडा लांब करी. त्याने मला पहिल्याच दिवशी टाय काढायला लावला. “साहेब, टाय दिसला की भाव चढतो. आणि बोलू नका, तुम्ही फार शुद्ध बोलता.” मी बोललो नाही (हे मला जमतं). त्याने दाखवलेली पहिली जमीन चर्चची निघाली आणि दुसरी त्याच्या सासऱ्याची, ज्याला हा व्यवहार माहीत नव्हता. तिसरी किइरू नावाच्या म्हाताऱ्याची. तो आपल्या शेताच्या बांधावर बसून वाटाणे सोलत होता. जमीन विकायची आहे का विचारलं तर म्हणाला, “विकायची आहे, पण घाई नाही. तुम्हाला घाई असेल तर दुसरीकडे बघा.” मला तो माणूस आवडला.

आता चूक कशी झाली ते सांगतो. डिसेंबरात वकिलाकडे साठेखत करायला बसलो. त्याच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, “घेणाऱ्याचं नाव?” आणि मी म्हणालो, “श्री. व सौ. गाथोगो.” मुतेरो, तुम्हीच सांगा, दुसरं काय म्हणणार? चर्चचं कापणीचं दान असो, शाळेची भिंत असो, कोणाच्या लग्नाची वर्गणी असो, चौतीस वर्षं माझं नाव असंच पुकारलं गेलं. एकट्या गाथोगोला कोणी हाकही मारली नसेल. कारकुनाने “सौ.चं पूर्ण नाव?” विचारलं, मी सांगितलं, त्याने ते टंकलं. बाहेर येऊन मला कळलं असतं तर मी परत गेलो असतो. पण त्याआधीच दुसरी गोष्ट घडली.

किइरूची बायको वाइरुरी अंगठा उठवायला आली होती. सत्तरीची, ठेंगणी, डोक्याला दोन रुमाल एकावर एक. कारकुनाने नावं वाचली तशी ती शाईचा अंगठा हवेत तसाच धरून म्हणाली, “मुरिंगो? कुठली मुरिंगो? कारुगाची?”

“हो,” मी म्हणालो.

“वाकड्या कानाच्या कारुगाची?”

“हो.”

“अगं बाई! आमच्या रांगेत फुलं खुडायची ती! आहे कशी?”

“बरी आहे,” मी म्हणालो.

“बरी असणारच. तिला काय धाड भरलीय!” आणि तिने अंगठा उठवला.

मी एकतीस वर्षं कॉफी संशोधन केंद्रात पर्जन्यमापक वाचला. शून्य पडला त्या दिवशी शून्य लिहिलं. एकदा वरिष्ठ सांगून गेले होते की उद्या मंत्री येणार आहेत, दुष्काळ दिसायला नको, तरी शून्यच लिहिलं. न पडलेला पाऊस मी कधी वहीत घेतला नाही. आणि त्या दिवशी एका अनोळखी बाईला मी “बरी आहे” असं सांगितलं, तेही असं, की माझं मलाच खरं वाटलं.

पुढे मोजणी आली. मोजणीदार तरुण होता, त्याच्या नकाशात हद्दीचे चार दगड होते आणि शेतात तीन. चौथ्यासाठी आम्ही अर्धा दिवस गवत तुडवलं. थुओ म्हणाला, शेजाऱ्याने ढकलला. शेजारी म्हणाला, थुओला ढकलतो. शेवटी मोजणीदार पाणी प्यायला वाइरुरीच्या स्वयंपाकघरात शिरला आणि तिथून ओरडला. तिच्या चुलीच्या तीन दगडांपैकी एक म्हणजे मधोमध लोखंडी खिळा असलेला सिमेंटचा सरकारी ठोकळा. वर मोठं भांडं शिजत होतं. हद्दीचा दगड हलवणं हा गुन्हा आहे असं त्याने तिला सांगितलं. वाइरुरी म्हणाली, “चाळीस वर्षांत माझं भांडं एकदा डगमगलं नाही. सरकारचं काम पक्कं असतं बाबा.” दगड ताबडतोब हवा असं तो म्हणाला. मुकिमो शिजल्याशिवाय दगड हलणार नाही असं ती म्हणाली. मग मोजणीदार, दलाल, किइरू, शेजारी आणि मी, सगळे भिंतीला टेकून बटाटा-वाटाणा शिजण्याची वाट बघत बसलो, आणि वाट बघता बघता वाइरुरीने मुरिंगोच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली.

मुतेरो, या गोष्टी तुम्हाला नवीन नसतील, पण मला होत्या. वजन जास्त भरावं म्हणून मुरिंगो फुलांची टोपली ओढ्यात बुडवून आणायची, आणि एकदा मुकादमाच्या काट्यावर त्या टोपलीतून बेडूक बाहेर उडी मारून बसला आणि मुकादमाने त्याचंही वजन केलं. गारा पडून उतार पांढरा झाला की ती बापाचं मेंढीचं कातडं पळवायची आणि त्यावर बसून थेट फाटकापर्यंत घसरत जायची, ओरडत. पैज लावून तिने एका बैठकीत सतरा उकडलेले बटाटे खाल्ले, आणि अठरावा खिशात घातला. प्रार्थनेत ती इतक्या मोठ्याने गायची की उपदेशकाने तिला दाराबाहेर उभं केलं, आणि ती दाराबाहेरून गायली.

मी जिला ओळखत होतो ती मुरिंगो चर्चच्या महिला मंडळाची चिटणीस होती. चमचे मोजून ठेवायची. मी तिला पळताना कधी पाहिलं नाही. गाताना ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. एका बटाट्यावर तिचं जेवण व्हायचं. मला वाटलं होतं, माणूस गेलं की त्याच्याबद्दलचं नवीन कळणं थांबतं. जे आहे ते झिजत जातं, एवढंच. आणि इथे एक बाई चुलीत लाकूड सारत मला माझी बायको सांगत होती, मला कधी न भेटलेली, बारा वर्षांची.

त्यानंतर मी वारंवार जाऊ लागलो. कुंपण बघायचं म्हणून गेलो, माती बघायची म्हणून गेलो, एकदा पाऊस मोजायचा म्हणून गेलो (त्यावर किइरू म्हणाला, “पाऊस आमच्याकडे मोजत नाहीत, भिजतात”). दर वेळी वाइरुरी स्टूल पुढे सरकवायची. “बसा जावईबापू. ती नाहीच आली? जमीन तिला हवी आणि पायपीट तुम्हाला! लहानपणीही तशीच होती, टोपली दुसऱ्याच्या डोक्यावर.” मी चहा घ्यायचो आणि ती सांगायची. कधीतरी खरं सांगावं असं मनात येई. मग वाटे, ते सांगितलं की ती डोक्याचा रुमाल तोंडाला लावेल, शेजारणी जमतील, हातात हात घेतील, आणि गोष्ट अर्धी राहील. मुरांगात, नाकुरूत, तुमच्या मोंबासात, सगळीकडे मुरिंगो गेलेली आहे. एका त्या उतारावर मात्र ती बरी होती आणि नवऱ्याला पायपीट करायला लावत होती. तेवढी एक जागा राहू द्यावी असं मला वाटलं. हे बरोबर नव्हतं हे मला कळतं.

मे महिन्यात जमीन मंडळ बसलं. महिन्यातून एकदा, गुरुवारी, तालुक्याच्या सभागृहात बसतं. विकणाऱ्याची बायको आणि घेणारे, ज्यांची ज्यांची नावं कागदावर आहेत त्या सगळ्यांनी स्वतः उभं राहून हो म्हणायचं. बाकांवर सगळे रविवारच्या कपड्यांत. एका म्हाताऱ्याच्या दोन बायका बाकाच्या दोन टोकांना, मधे तो. अध्यक्ष खाकी गणवेशातली तरुण अधिकारी, आमच्या न्जांबीच्या वयाची. तिने आमचा कागद वाचला आणि विचारलं, “सौ. कुठे आहेत?”

मागून वाइरुरी म्हणाली, “हो ना, कुठे आहे? मी सकाळपासून तिची जागा धरून बसलेय!” खरोखरच तिने शेजारी टोपली ठेवून जागा धरली होती.

मी म्हणालो, “पुढच्या महिन्यात येईल.”

सभागृहाबाहेर किइरू माझी समजूत काढत होता. “बायकांचं असंच असतं. जमीन घ्या, जमीन घ्या, आणि सहीच्या दिवशी डोकं दुखतं.” पण अधिकारी बाईने बजावलं आहे की साठेखताला १७ जूनला सहा महिने होतात, त्याआधीची शेवटची बैठक १३ जूनची, ती चुकली तर कागद रद्द. किइरूच्या जमिनीवर गुलाब लावणाऱ्या एका कंपनीचाही डोळा आहे. किइरूने मला शब्द दिला आहे, पण त्याचे मुलगे म्हणतात, कागद मेला की शब्दही मेला. म्हणजे त्या उतारावर काचेची घरं उभी राहतील. वाइरुरीने मुरिंगोसाठी एक कोंबडी वेगळी बांधून ठेवली आहे आणि तिला ती रोज थोडा मका जास्त घालते.

असं सगळं आहे. बाकी इकडे ठीक. कॉफीला फळ बरं आहे. वहिनींना व मुलांना नमस्कार सांगावा.

आपला,
गाथोगो

ता. क. मंडळाची मला काळजी नाही. मंडळाला कागद दाखवता येतो. मृत्यूचा दाखला माझ्या कपाटात आहे, तो टेबलावर ठेवला की बोलावं लागणार नाही. पण वाइरुरीला वाचता येत नाही. तिला तोंडानेच सांगावं लागेल, आणि बैठकीच्या आधी, नाहीतर ती पुन्हा टोपली ठेवून जागा धरेल. तेव्हा खरी विनंती ही, की तुम्ही १२ तारखेला यावं आणि तिला सांगावं. रात्रीच्या गाडीने निघालात तर गुडघ्याला त्रास होणार नाही. ती तुम्हाला ओळखते. “तो शेंबडा कुठे असतो?” असं नेहमी विचारते (क्षमा असावी). भावाने सांगितलेलं तिला जास्त पटेल. मी बाहेर बांधावर उभा राहीन.

पुन्हा ता. क. गुरुवार, १३ जून, किनांगोप. पाऊस नाही. हे पत्र दहा दिवस कोटाच्या खिशात राहिलं. पोस्टाच्या दारापर्यंत दोनदा गेलो होतो. आता येऊ नका. मी सांगितलं.

काल गेलो. येताना बसमध्ये वाक्याची उजळणी केली, ती थोडी मोठ्याने झाली असावी, कारण शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली. वाइरुरी अंगणात पोत्यावर बियाण्याचे बटाटे निवडत होती. मी स्टूलावर बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, “मुरिंगो वारली. ऑक्टोबरात.”

तिने आणखी चारपाच बटाटे निवडले. मग म्हणाली, “ऑक्टोबरात? म्हणजे मी अंगठा उठवला तेव्हा?”

“तेव्हा दोन महिने झाले होते.”

“आणि मी, मेल्या, तिच्यासाठी कोंबडी पोसतेय! कालच तिला सांगितलं, बाई, आता दोनच दिवस!” इतके महिने मी जावईबापू होतो, एका क्षणात मेल्या झालो.  तिने डोक्याचा रुमाल तोंडाला लावला नाही. बटाटे निवडत राहिली, पण चांगले आणि किडके एकाच ढिगात टाकत होती. शेवटी म्हणाली, “बस. माझंही ऐक आता. त्या सगळ्या तिच्या गोष्टी नव्हत्या.”

मी बसलो.

“रांगेत आम्ही चाळीस पोरी. मला वाकड्या कानाचा कारुगा आठवत होता. त्याची पोरगी म्हणशील तर एक बारीकशी काहीतरी, नीटसा चेहरासुद्धा येत नव्हता डोळ्यांपुढे. पण तू असा बसायचास, कप हातात गार व्हायचा. मग सांगत गेले. हिची एक, तिची एक. एखादी माझीच.”

“बेडूक?” मी विचारलं.

“बेडूक खरा. कोणाच्या टोपलीतला, ते देवाला माहीत.”

आज बैठक झाली. वाइरुरी हिरवा झगा घालून आली आणि शेजारी टोपली ठेवली नाही. अधिकारी बाईने दाखला वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि “बाबा, हे मे महिन्यातच सांगायचं होतं,” एवढंच म्हणाली. मग पट्टी लावून मुरिंगोच्या नावावर सरळ रेघ मारली. वाइरुरीला विचारलं, विकायला संमती आहे का. वाइरुरी उभी राहिली आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाली, “माणूस खोटारडा आहे. पण बसून ऐकतो. द्या त्याला.” लोक हसले. मंडळाने मंजुरी दिली. कोंबडी तिने पायाला दोरी बांधून माझ्या हातात दिली. 

तेव्हा जमीन झाली. एक राहिलं. तुम्हीही त्या मळ्यावर होतात. वरच्या गोष्टी पुन्हा वाचून पाहा: बेडूक, मेंढीचं कातडं, सतरा बटाटे, दाराबाहेरचं गाणं. यातल्या ज्या तिच्या असतील त्या पोस्टकार्डावर कळवा, एकेक शब्द लिहिलात तरी पुरे. ज्या तिच्या नसतील त्या कळवू नका. एकही नसेल तर कार्डच टाकू नका. मी समजेन की टपालात हरवलं. आपल्याकडचं टपाल तसं आहेच.

आता धुकं खाली उतरतं आहे. मी बांधावर बसलो आहे. रविवारच्या बुटांना इथला काळा चिखल लागला आहे, तो काडीने काढतो आहे.